शेरा

समिती सोमवारी येणार, म्हणून
शनिवारी आम्ही बरण्या पुसल्या.
फॉर्मॅलिन बदललं. समुद्रघोडा
चौदा वर्षांनी स्वच्छ काचेतून बाहेर बघू लागला,
आणि शिवगणमामांनी लेबलं नव्याने लिहिली,
त्यांच्या त्या रेशनकार्डासारख्या अक्षरात.

प्राणिशास्त्र विभाग. पाच वर्षांचा आढावा.
प्रवेश: तेवीस, एकोणीस, सतरा, अकरा, नऊ.
प्राचार्य खातू म्हणाले, आलेख काढा,
पण उतार अंगावर येणार नाही असा.
मी आलेख आडवा ताणला.
कागदावर तो एखाद्या सपाट किनाऱ्यासारखा दिसला.

तक्ता सात: पदवीनंतर विद्यार्थी कुठे गेले?
एक कुवेतला. दोघी बी.एड.ला.
एक बर्फाच्या कारखान्यात, त्याला मी
'शीतसाखळी उद्योग' असं लिहिलं.
तक्ता आठ: गळती.
एक.
त्या चौकटीत नाव मावत नाही.
जुबेदा सोलकर, दुसरं वर्ष, जानेवारी.
बाप बोटीवरून उतरला तो खाटेवरच.

शिवाय डेडस्टॉक रजिस्टर.
व्हर्नियर कॅलिपर, नग बारा, हजर अकरा.
शेरा: हरवले.
मामांनी तेव्हा लेखी माफी मागितली होती,
तीही फाईलला आहे.

सोमवारी तिघे आले. नारळपाणी प्याले.
त्र्याहत्तर फायली टेबलावर.
फोटोंवर अक्षांश-रेखांश आहेत का?
आहेत, सर.
आम्ही जिथे आहोत तिथेच आहोत
याचे एकूण सोळा पुरावे.
खाडीचा वास आला तशी
अध्यक्षांनी खिडकी लावून घ्यायला सांगितली.

अहवालाच्या शेवटच्या पानावर एक ओळ असते:
आणखी काही सांगायचे असल्यास.
महिन्यापूर्वी, रात्री दोन वाजता,
डोळ्यांत टाचण्या टोचत असताना मी तिथे लिहिलं होतं:
भेटीच्या दुसऱ्या दिवशी साखरतरच्या खाडीत
पूर्ण ओहोटी, चार वाजून दहा.
वाटलं, कोण वाचतंय.

मंगळवारी पावणेचारला गुवाहाटीच्या बोरठाकूर बाई,
जी दोन दिवस एक शब्द बोलली नव्हती,
चपला हातात घेऊन फाटकाशी उभी.
इथूनच उतरायचं ना?

चिखल पोटरीपर्यंत. चौदा बायका वाकलेल्या.
त्यातली एक सरळ झाली.
"मॅडम, जाडी झालाव तुमी."
टोपलीत हात घातला, एक शिंपली काढली,
कमरेच्या पिशवीतून काहीतरी लोखंडी.
जबडा उघडला, शिंपली धरली, डोळा बारीक करून वाचलं.
बावीस.
परत चिखलात.
"पंचवीसच्या खालची उचलत नाय आमी.
तुमीच शिकिवलात नं. ह्या सगल्यांना मी शिकिवला."

गंज होता, पण खोबरेल लावलेलं होतं.
दांडीवर लाल रंगात: नग ७.
रेशनकार्डाचं अक्षर.
मी बघितलं. तिने बघितलं की मी बघितलं.
दोघींनी खाडीकडे तोंड केलं.

बोरठाकूर बाईंनी विचारलं, कोर्स पूर्ण नाही केला हिने?
जुबेदा म्हणाली,
"तिसरा वर्ष नाय केला. तिसऱ्या केल्या."
आणि बाकीच्या तेराजणी हसल्या.
तो विनोद मला काही हिंदीत सांगता आला नाही.
बाईंनी मात्र वहीत काहीतरी लिहिलं,
मग वही काखेत मारून
एक शिंपली स्वतः मोजायला मागितली.
सत्तावीस. ठेवा, म्हणाल्या.

दोन महिन्यांनी अहवाल आला.
क्षेत्रकार्य: समाधानकारक.
प्रवेशसंख्या: चिंताजनक.
ग्रंथालयात आणखी दोन पंखे हवेत.
जुबेदा कुठेच नाही, आणि ते बरंच झालं,
नाहीतर कॅलिपर परत मागावा लागला असता.

संध्याकाळी मी डेडस्टॉक रजिस्टर उघडलं.
'हरवले' वर एक रेघ मारली,
खालचं वाचता येईल अशी.
शेजारी लिहिलं: वापरात.
मामा चष्मा वर करून बराच वेळ बघत राहिले.
मग म्हणाले, सही झाली.
तारीख टाका.